सायगॉनला पहिल्यांदा काजूच्या मशिनी बघायला जाताय, तर तिथल्या ‘या’ला ‘हो’ समजू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की चंदगडला तुमचं छोटं काजू युनिट आहे, कटिंग, म्हणजे बीचं कवच कापणं, अजून पायाच्या मशिनवर बायकाच करतात, आता ऑटोमॅटिक कटिंग मशिन आणि जमलं तर कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून गर निवडणारं मशिन, बघायला व्हिएतनामला हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे सायगॉनला, एकटे जाणार, जानेवारीच्या शेवटी पाच दिवस, भाषा येत नाही, शाकाहारी आहात, ओळखीचं कोणी नाही, तर काय काळजी घ्यावी, आणि भेट म्हणून काय न्यावं. मी वेंगुर्ल्याच्या बाजूला गेली २२ वर्षं काजू प्रक्रियेत आहे, २०१३ पासून त्या शहरात ११ वेळा जाऊन आले, त्यातल्या ४ वेळा दुसऱ्या युनिटवाल्यांना मशिनी बघून द्यायला. लांबलचक होईल पण सगळं वाचा, यातलं बरंचसं मला पैसे मोजून कळलंय.

आधी तारीख. तिकीट काढलं नसेल तर जानेवारीचा शेवट सोडून द्या. त्यांचं नवीन वर्ष, ज्याला ते तेत म्हणतात, ते चंद्राच्या हिशेबाने येतं, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही, आपल्या दिवाळीसारखी तारीख दरवर्षी सरकते. कॅलेंडरवर सुट्टी आठवडाभराची दिसते पण खरं तर आधीचे दहा दिवस सगळे जुनी उधारी मिटवण्यात असतात, कामगार गाड्या पकडून गावाकडे निघालेले असतात, आणि नंतरही पंधरा दिवस वर्कशॉपला पुरती माणसं येत नाहीत. तुम्हाला चकाचक ऑफिसात चहा मिळेल, कॅटलॉग मिळेल, पण मशिन बंद. बंद मशिन बघून सौदा करणं म्हणजे बसलेला बैल बघून दावं हातात घेण्यासारखं आहे. ३० एप्रिल आणि १ मे अशी जोडसुट्टी असते, २ सप्टेंबर त्यांचा राष्ट्रीय दिन, तेही टाळा. त्यांचा स्वतःचा काजूचा हंगाम आपल्यासारखाच फेब्रुवारी ते मे, त्यामुळे तेव्हा तुम्हालाच बी खरेदी सोडून जाता येणार नाही. माझं मत विचाराल तर जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट, गणपतीच्या आधी. पाऊस असतो, पण तेव्हा तिथल्या फॅक्टऱ्या आयव्हरी कोस्ट आणि कंबोडियाच्या बियांवर जोरात चालू असतात आणि आपल्याकडे काम थंड असतं.

व्हिएतनामच का, हे तुम्हाला माहीत आहे, तरी एक सांगते. काजूगराच्या निर्यातीत आपण जगात पहिले होतो, २००६ साली त्यांनी आपल्याला मागे टाकलं ते आजपर्यंत. त्यांच्याकडे बी सोलायला बसणाऱ्या बायका कपडे आणि बुटांच्या कारखान्यांत जायला लागल्या, तेव्हा त्यांना मशिनी करणं भागच पडलं, आणि त्या मशिनी मोठ्या कंपन्यांनी नाही तर बऱ्याचशा लहान वर्कशॉपवाल्यांनी फॅक्टरीतच बसून ठोकठाक करत सुधारल्या. म्हणून तुम्ही जाल तिथे मालक स्वतः तेलकट हातांनी भेटेल. त्या माणसाशी कसं बोलायचं हेच खरं काम आहे, विमान-हॉटेल वगैरे त्यामानाने सोपं.

तरी ते सोपं आधी उरकून घेऊ. ई-व्हिसा त्यांच्या सरकारी साइटवरूनच काढा, एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. आपल्या पासपोर्टवर नावानंतर वडिलांचं नाव आणि मग आडनाव असतं, ते जसंच्या तसं भरा, एक शब्द गाळला तर एअरलाइनवाले मुंबईतच अडवतात, आमच्यासोबतच्या एकाची फ्लाइट अशीच गेली. आता मुंबईहून थेट फ्लाइट आहे, साडेपाच तासांच्या आसपास, पूर्वी आम्ही बँकॉकवरून जायचो. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. रुपये नेऊ नका, डॉलर न्या, नोटा कोऱ्या, घडी न पडलेल्या, शाईचा डाग नसलेल्या, नाहीतर भाव कमी देतात किंवा घेतच नाहीत. १ रुपयाला साधारण ३०० डोंग, म्हणजे पहिल्याच दिवशी खिशात लाखो असतात आणि डोकं गरगरतं. २० हजाराची आणि ५ लाखाची नोट दोन्ही निळसर, रात्री टॅक्सीत हमखास गोंधळ होतो, ५ लाखाच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा. दुकानात सगळीकडे क्यूआर कोड दिसतात पण त्याला तिथल्या बँकेचं अकाउंट लागतं, आपलं यूपीआय धरून चालू नका. टॅक्सीसाठी ग्रॅब नावाचं ॲप. व्हॉट्सअॅप चालतं पण तिथे कोणी बघत नाही, सगळा व्यवहार झालो (Zalo) नावाच्या ॲपवर असतो, निघायच्या आधीच ते ॲप टाका आणि ज्यांना भेटायचं त्यांना तिथेच मेसेज करा, ई-मेलला चार दिवस लागतात तिथे झालोवर दहा मिनिटांत उत्तर येतं.

पत्त्यांचं नीट ऐका, हे नवीन आहे. १ जुलै २०२५ पासून त्यांनी प्रांत एकत्र केले, शेजारचे बिन्ह झुओंग आणि वुंग ताऊकडचा भाग हो ची मिन्ह सिटीत घातला, आणि काजूचा खरा मुलूख जो बिन्ह फुओक तो डोंग नाय प्रांतात गेला. जिल्हेही रद्द केले. त्यामुळे एखाद्या वर्कशॉपचा पत्ता हो ची मिन्ह सिटी असा दिसेल आणि ते तुमच्या हॉटेलपासून ५० किलोमीटरवर निघेल. उलट लोक अजून तोंडाने डिस्ट्रिक्ट वन, डिस्ट्रिक्ट थ्री असंच म्हणतात, आणि शहराला सायगॉनच म्हणतात, १९७६ ला नाव बदललं तरी. प्रत्येक भेटीचं मॅपवरचं लोकेशन मागून घ्या आणि एका दिवसात दोनच भेटी ठेवा. तीन ठेवल्या की तिसरी नासते.

हॉटेल डिस्ट्रिक्ट वनच्या आसपास घ्या पण बुई व्हियेन रस्त्यावर नको, तिथे पहाटेपर्यंत गाणी लावलेली असतात. पोचल्या दिवशी काम ठेवू नका. मी धरते ती फ्लाइट रात्रीची असते, सकाळी उतरल्यावर माणूस अर्धा झोपेत असतो आणि बाहेर पाऊल टाकलं की समोर स्कूटरींचा पूर, खरंच पूर, तिलारीचं पाणी सोडल्यावर जसं येतं तसं. पहिल्यांदा मी एका सिग्नलजवळ वीस मिनिटं नुसती उभी होते, रस्ता ओलांडायची हिंमतच होईना. मग एका म्हातारीने माझं मनगट धरलं आणि चालायला लागली, हळू, एकाच वेगाने, न थांबता, आणि स्कूटरी आमच्या दोन्ही बाजूंनी फुटून जायला लागल्या. तेच करायचं, पळायचं नाही, मधेच थबकायचं नाही आणि मागे तर अजिबात फिरायचं नाही, त्यांना तुमच्या वेगाचा अंदाज आलेला असतो तो मोडायचा नाही. संध्याकाळी न्गुएन ह्युए रस्त्यावर फिरा, फिल्टरमधून थेंबथेंब पडणारी कॉफी बर्फ आणि कंडेन्स्ड मिल्क घालून प्या, शहराचा आवाज कानात बसू द्या. हा अर्धा दिवस फुकट जात नाही. थकलेला माणूस परक्या गावात जो पहिला नीट बोलेल त्याच्याकडेच सौदा करून मोकळा होतो, हे मी चार-पाच जणांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय.

आता मुख्य गोष्ट. दक्षिण व्हिएतनाममध्ये लोक बोलताना सारखं ‘या’ म्हणतात. आपल्या कानाला ते इंग्रजीतल्या ‘या’सारखं, म्हणजे ‘हो’सारखंच ऐकू येतं. तो त्यांचा आदराचा शब्द आहे, उत्तरेकडे त्याचा उच्चार ‘झा’ होतो. कधी त्याचा अर्थ ‘हो’ असतो, पण कितीतरी वेळा नुसता ‘ऐकतोय, बोला’ एवढाच. आपण फोनवर मोठ्या माणसाचं ऐकताना ‘बरं... बरं... बरं’ म्हणतो, त्याचा अर्थ सगळं मान्य केलं असा होतो का? अगदी तसंच. मला हे २०१३ ला माहीत नव्हतं. पहिल्या मशिनच्या वेळी मी तीन वेळा विचारलं की आमची बी मोठी आहे, या ब्लेडवर चालेल ना, आणि समोरचा मुलगा तिन्ही वेळा हसून ‘या, या’ म्हणाला. मी वहीत लिहिलं, मोठी बी चालते. अॅडव्हान्स दिला. मशिन आलं, बसवलं, मध्यम बी छान कापली आणि वेंगुर्ला-७, म्हणजे आपली मोठ्या बीची जात, टाकली की ब्लेड गरातून जायचं, अख्खा गर कमी आणि तुकडाच जास्त. मोठ्या ब्लेडचा सेट मागवला तर मधे तेत आलं, अडीच महिने गेले, म्हणजे सगळा हंगाम. त्या वर्कशॉपने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्या मुलाने ऐकलं होतं एवढंच त्याने सांगितलं होतं, आणि ‘नाही’ तोंडावर म्हणणं त्यांच्याकडे फार कठीण, विशेषतः पाहुणीला आणि वयाने मोठ्या बाईला.

म्हणून ‘चालेल का’ असा प्रश्न विचारूच नका. ज्याचं उत्तर हो-नाहीत येतं तो प्रश्न तिथे वाया जातो. ‘या मशिनवर सगळ्यात मोठी बी कुठली चालवली, किलोला किती नग होते, ती कुणाकडे चालली, मला ते गर दाखवा’ असं विचारा. उत्तरात आकडा आला, वस्तू आली, तर ते उत्तर. नुसतं हसू आलं किंवा ‘थोडं अवघड आहे’ असं आलं तर ते ‘नाही’ आहे असं धरून पुढे जा, ‘थोडं अवघड’ हा त्यांचा सगळ्यात स्पष्ट नकार आहे. आणि रात्री हॉटेलवर येऊन दिवसभराचं बोलणं मुद्देसूद झालोवर लिहून पाठवा, साध्या लहान वाक्यांत, भाषांतर ॲपने त्यांच्या भाषेत करून. तोंडी ‘या’ म्हणणारा माणूस लेखी मात्र विचार करून उत्तर देतो, बरेचदा दुसऱ्या दिवशी सकाळी खरी अडचण त्या मेसेजमध्ये कळते.

ते तुम्हाला पाच मिनिटांत वय विचारतील. राग मानू नका. त्यांच्या भाषेत ‘मी’ आणि ‘तुम्ही’ला सरळ सोपा शब्द जवळपास नाहीच, नातं ठरल्याशिवाय वाक्यच होत नाही. वयाने मोठा पुरुष आन्ह म्हणजे दादा, मोठी बाई ची म्हणजे ताई, धाकटं कोणी असेल तर एम, वडिलांच्या धाकट्या भावाच्या वयाचा चू म्हणजे काका. आपल्याला हे किती जवळचं आहे बघा, बाजारात अनोळखी भाजीवालीला आपण मावशी म्हणतोच की. तुम्ही तिशीतले असाल तर वर्कशॉपच्या पन्नाशीतल्या मालकाला चू म्हणा, त्याचा चेहरा बदलतो, खरंच. आणि नाव घेताना कार्डावरचं शेवटचं नाव घ्यायचं, कारण त्यांच्यात आडनाव आधी येतं आणि हाक मारायचं नाव शेवटी. पहिला शब्द बघून मिस्टर न्गुएन म्हणालात तर खोलीतले निम्मे लोक वळून बघतील, ते आडनाव इतकं सर्रास आहे. कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या आणि घेतल्यावर लगेच खिशात कोंबू नका.

कोटेशन वाचताना एक मोठा धोका. त्यांच्याकडे टिंब आणि स्वल्पविराम आपल्या उलट. १२.५०० डॉलर म्हणजे साडेबारा हजार, आणि २,५० म्हणजे अडीच. सुट्या भागांच्या यादीत हे जास्त फसवतं, कारण तिथे अडीच आणि अडीचशे दोन्ही शक्य वाटतात. बोलताना तर हजार गाळूनच टाकतात, पन्नास म्हणाला की पन्नास हजार डोंग. किंमत कायम मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवा आणि दाखवायला सांगा.

फॅक्टरीचा दिवस. बिन्ह फुओककडे जाताना पहाटे सहाला निघा, डोंग सोआईपर्यंत अडीच-तीन तास जातात, ट्रक फार. शहर संपल्यावर रबराच्या बागा लागतात, रांगेत, दोन्ही बाजूंनी, दोडामार्गात आलोय असंच वाटतं, मला पहिल्यांदा तिथेच जरा हायसं वाटलं होतं. मधे रस्त्याच्या कडेला कॉफीच्या टपऱ्या असतात जिथे खुर्च्यांऐवजी झोपाळे टांगलेले असतात, ड्रायव्हर तिथे थांबला तर थांबू द्या, तुम्हीही पाठ टेका. फॅक्टऱ्या सकाळी साडेसात-आठलाच सुरू होतात आणि साडेअकराला जेवण. जेवणानंतर दिवे बंद करून सगळे झोपतात, ऑफिसातसुद्धा टेबलाखाली घडीच्या कॉट असतात, दीड वाजेपर्यंत कुणाला फोन करू नका. बऱ्याच आपल्या लोकांना हा आळस वाटतो. मला वाटत नाही, साडेसातला माणूस कामावर उभा राहतो आणि पाचला अजून तसाच ताजा असतो.

मशिन बघताना तुमच्या बीवरच बघायचं, हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. त्यांच्या मशिनी त्यांच्या आणि आफ्रिकेच्या बियांवर बसवलेल्या असतात, किलोला १८० ते २०० नग. आपल्या वेंगुर्ला-७ ची बी १० ग्रॅमची, म्हणजे किलोला १०० च्या आसपास, वेंगुर्ला-४ साडेसात-पावणेआठ ग्रॅमची. शिवाय गावठी बी बारीक, आणि तुमच्याकडे चंदगड-आजऱ्यात हे सगळं एकाच पोत्यात मिसळून येतं. आकाराप्रमाणे चाळल्याशिवाय ऑटोमॅटिक कटिंगला काही अर्थ नाही, त्यामुळे कॅलिब्रेटर, म्हणजे बी आकाराने वेगळी करायचं मशिन, बजेटमध्ये आधी धरा आणि कलर सॉर्टर पुढच्या वर्षी. बी बॅगेत टाकून मात्र नेऊ नका, कच्च्या बीला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, लागतं, विमानतळावर काढून घेतील. विक्रेत्याला दीड महिना आधी सांगून रीतसर सॅम्पल पाठवा. ते शक्यच नसेल तर तुमच्या बीची लांबी, रुंदी, जाडी कॅलिपरने शंभर नगांची मोजून न्या आणि त्यांच्या गोडाउनमधून तेवढ्याच मापाची बी निवडून त्यावर चालवायला सांगा. बी किती वेळ वाफवली, किती तास गार होऊ दिली, हेही लिहून घ्या, कारण ब्रेकेज, म्हणजे गराचा तुकडा होणं, निम्मं तिथे ठरतं आणि मशिनवाला ते आपणहून कधीच सांगत नाही. दहा मिनिटांच्या डेमोवर जाऊ नका, तासभर चालू द्या, सोललेला माल स्वतः वजन करा, अख्खा, तुकडा, न कापलेली बी, तिन्ही वेगळं.

जेवणाचं. मी मासे खाते त्यामुळे मला तिथे आपल्या घरच्यासारखं वाटतं, पण माझ्यासोबत आलेले दोघे पक्के शाकाहारी होते आणि पहिले दोन दिवस केळी-बिस्किटांवर राहिले, माझीच चूक, मी आधी चौकशी केली नव्हती. शाकाहारी जेवणाला तिथे ‘चय’ म्हणतात, ‘अ’ आखूड ठेवा, हिंदीतल्यासारखं ‘चाय’ असं लांबवलंत तर त्याचा अर्थ बाटली होतो आणि समोर पाण्याची बाटली येते. बौद्ध घरांतली बरीच माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मांस खात नाहीत, त्यामुळे चयची दुकानं गल्लीगल्लीत आहेत, आणि कडक चयमध्ये कांदा-लसूणसुद्धा नसतो. तो शब्द त्यांच्या लिपीत फोनवर ठेवा. साध्या हॉटेलात ‘भाजी द्या’ म्हणालात तर तिच्यावर माशाचा सॉस असणारच, त्यांच्या मनात तो मासा नसतोच, नुसतं मीठ असतं. यजमानाला आदल्या दिवशीच झालोवर ‘चय’ लिहून कळवा, ते मनापासून सोय करतात, फक्त ऐनवेळी सांगितलं की त्यांना पाहुण्यासमोर लाजल्यासारखं होतं.

संध्याकाळी बिअरला बोलावतील. बर्फ टाकलेली बिअर, ‘मोत, हाय, बा, यो’ म्हणजे एक-दोन-तीन करून सगळे एकदम ग्लास उचलतात. पीत नसाल तर सुरुवातीलाच औषध चालू आहे असं सांगा आणि बर्फाचा चहा घेऊन प्रत्येक वेळी ग्लास मात्र उचला. मी दर वेळी तेच करते, ११ वेळात कुणी एकदाही जोर केला नाही. पण जेवण टाळू नका. माझ्या दुसऱ्या ट्रिपला जेवणाच्या टेबलावरच एका फोरमनने, मालक हात धुवायला गेला तेव्हा, मला हळूच सांगितलं की अमुक मॉडेलचा फीडर, म्हणजे बी आत सोडणारा भाग, दर दोन महिन्यांनी बदलावा लागतो. हे कुठल्या ऑफिसात कळलं असतं?

एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतो की व्हिएतनामने शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेऊन अमेरिकेला हरवलं, तिथल्या नेत्याच्या समाधीवर तसं लिहिलंय वगैरे. मी तिथे वेगवेगळ्या वयाच्या बऱ्याच लोकांना विचारलं, कुणालाही माहीत नव्हतं, आणि एका वयस्कर बाईंचा चेहरा उतरला कारण त्यांच्या घरातली दोन माणसं त्या युद्धात गेली होती आणि मी ते श्रेय दुसरीकडे नेत होते. मला अजून वाईट वाटतं त्याचं. महाराजांना अशा खोट्या आधाराची गरज नाही, तो विषय काढू नका.

मोकळी संध्याकाळ मिळाली तर बेन थान्ह मार्केटपासून चालत मरिअम्मन देवळात जा, एकेकाळी इथे व्यापाराला आलेल्या तमिळ लोकांनी ते बांधलं. आता तिथे येणारी बहुतेक माणसं व्हिएतनामी आणि चिनी असतात, हातात उदबत्त्या घेऊन, आणि मागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून हळू आवाजात आपलं मागणं सांगतात. परक्या गावात तीन दिवस एकटं राहिल्यावर तिथे दहा मिनिटं बसलं की फार शांत वाटतं. बेन थान्हलाच मेट्रो आहे, २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली, १४ स्टेशनं, साधारण २० किलोमीटर, एकदा शेवटपर्यंत जाऊन या, शहर केवढं पसरलंय ते कळतं.

सौद्याचं थोडक्यात, कारण यावर वेगळं लिहावं लागेल. करारावर मालकाची सही आणि कंपनीचा लाल गोल शिक्का दोन्ही हवेत, नुसत्या सेल्समनच्या सहीला किंमत नाही. अॅडव्हान्स ३० टक्क्यांच्या वर देऊ नका आणि बाकीची रक्कम माल निघण्याआधी तुमच्या मापाच्या बीवर चालवलेल्या ट्रायलचा व्हिडिओ बघून. लाकडी खोक्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडाला कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केल्याचा, शिक्का आहे का ते फोटोत बघा, नसेल तर न्हावा शेवाला माल अडकतो. भारत-आसियान व्यापार कराराखालची ड्युटी सवलत घ्यायची असेल तर फॉर्म एआय हे मूळ देशाचं सर्टिफिकेट मूळ प्रतीत मागा, माल निघून गेल्यावर ते मिळवणं फार त्रासाचं. त्यांची थ्री-फेज ३८० व्होल्टची, आपली ४१५, फ्रिक्वेन्सी सारखीच, मोटर आणि पॅनल आपल्या व्होल्टेजचं लिहून घ्या. ब्लेडचे दोन जादा सेट पहिल्याच कन्साइनमेंटमध्ये.

आणि भेटवस्तूचं तुम्ही विचारलंत. मिठाई नेऊ नका, त्यांना फार गोड लागते. आपल्याच काजूची पाकिटं न्या, डब्ल्यू-१८० चा, म्हणजे मोठ्या ग्रेडचा, अख्खा गर, तयार पॅक केलेला, अर्धा-अर्धा किलो. काजूवाल्याला काजू काय न्यायचे असं मलाही वाटलं होतं. २०१६ ला एका वर्कशॉपमध्ये तीन दिवस मी मोठ्या बीबद्दल विचारत होते आणि उत्तरं नुसती ‘या, या’. निघताना पाकीट दिलं. मालक म्हणजे साठीचा माणूस, त्याने तिथेच फोडलं, एक गर तळहातावर ठेवला, शेजारी त्यांचा लहान, डब्ल्यू-३२० ग्रेडचा ठेवला, आणि लेथवरच्या दोघांना हाक मारून बोलावलं. तिघं बराच वेळ बघत राहिले, एकाने कॅलिपर आणून मापही घेतलं. मग त्याने दुभाष्या मुलीमार्फत मला विचारलं की ज्या बीतून हा निघतो ती केवढी असते, कवच किती जाड असतं, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. माझी टॅक्सी बाहेर उभी होती, मी ती सोडून दिली.